उघड्यावर गाणं : टेकडीवर, बांधावर, वारीत

रानजाई

गाणं सभागृहात, स्टुडिओत आणि कानातल्या बोंडांत शिरलं ते अलीकडे. त्याआधी आपल्याकडचं कितीतरी गाणं उघड्यावरच होतं. भात लावताना, मोट हाकताना, खळ्यावर, वाटेने चालताना, नागपंचमीच्या झोक्यावर, भोंडल्याच्या फेरात. ते कोणाला ऐकवायला म्हटलं जात नसे, त्यामुळे आवाज चांगला की वाईट हा प्रश्न फारसा उठत नसे. आज ज्याला विचारावं तो "मला गाता येत नाही" म्हणून मोकळा होतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या धाग्यात मला त्याच गाण्याबद्दल बोलायचंय: झाडाझुडपांत, मोकळ्या हवेत, कोणी श्रोता नसताना म्हटलेलं. मन थाऱ्यावर आणायला इतकं हाताशी असलेलं दुसरं साधन मला ठाऊक नाही.

यात श्वासाचा भाग मोठा. गाताना आपण श्वास चटकन घेतो आणि ओळ संपेपर्यंत सावकाश सोडतो. श्वास सोडायला वेळ लागला की हृदयाचे ठोके उतरतात. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत गेलेली व्हेगस नावाची नस हे काम करते. २००१ साली इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास छापला. २३ निरोगी माणसांना त्यांनी लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि एक योगमंत्र म्हणायला लावला. दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला साधारण सहावर आला, आणि रक्तदाब व हृदयगती यांचा मेळही सुधारला. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. अभंगाचा एक चरण संथ चालीत, मध्ये श्वास न तोडता म्हणून पाहा. आपण कुठे पोचतो ते तुमचं तुम्हालाच कळेल.

आम्ही काही जण पुण्यात टेकडीवर आठवड्यातून एकदा जमतो. ठरलेलं असं फार काही नाही. वर पोचल्यावर आधी कोणी बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं. खालच्या रस्त्याची घरघर, वारा, बुलबुल, दयाळ. मग तोंड मिटून गुणगुणायचं, प्रत्येकाने आपापल्या सोयीच्या सुरात. ते आपोआप एकमेकांजवळ सरकतं, कोणी सांगावं लागत नाही. त्यानंतर ओव्या, अभंग, लहानपणची बडबडगीतं, ज्याला जे येतं ते. स्पीकर नाही, माईक नाही, मोबाइलवर चित्रण तर अजिबातच नाही. चित्रण सुरू झालं की माणसं पोटातून गायची थांबतात.

तुमच्याकडे असं काही होतं का? होत असे का? गावाकडचं, परदेशातलं, सगळं लिहा. कसं करतात तेही लिहा, नुसत्या आठवणी नकोत.

केतकी_नाशिक

सुंदर धागा. वाचनखूण साठवली.

एक विचारू का ताई? मी खरोखरच बेसूर आहे. शाळेत बाईंनी समूहगीतातून बाहेर काढून "तू नुसते ओठ हलव" सांगितलं होतं. तेव्हापासून आरतीलाही ओठच हलवते. माझ्यासारखीने तिथे येऊन काय करायचं?

रानजाई

केतकी, यायचं आणि गुणगुणायचं. आमच्यात निम्मे तसेच आहेत. लहान मुलाला असं सांगणं ही किती मोठी इजा आहे, हे सांगणाऱ्याच्या गावीही नसतं. मोकळ्यावरची खरी सोय हीच की तिथे भिंतीवरून परत येऊन आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही. घरात गाताना आपण आपलीच परीक्षा घेत बसतो. तिथे आवाज सोडला की तो गेला.

बांधावरून

रानजाईताई, बरा विषय काढलात. आमचं गाव मावळातलं, भाताचं. लावणीच्या दिवसात पाऊस कोसळत असायचा, अंगावर इरलं, पायाखाली गुडघाभर चिखल. आवण, म्हणजे भाताची रोपं, उपटून मुठी बांधायच्या, खाचरात फेकायच्या आणि बायांची रांग वाकून मागं मागं सरकत लावत जायची. एक जण ओळ उचलायची, बाकीच्या झेलायच्या. सोप्यावर कोणाला त्यातलं म्हणायला सांगितलं तर आठवायचं नाही. चिखलात पाय गेला की सगळं आठवायचं. ते गाणं हातात आणि कमरेत असायचं.

त्यानं कंबर दुखायची थांबत नव्हती, उगाच गोड करून सांगत नाही. पण सगळ्यांचा हात एका ठेक्यात चालला की जी दमलेली असेल तिला बाकीच्या ओढून नेत. एकटीनं लावलेलं खाचर आणि दहा जणींनी गात लावलेलं खाचर यात थकव्याचा फरक होता. आई अजून हेच सांगते.

देशावर भलरी. खुरपणीला, कापणीला. त्यातही तेच: एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी धरायचं, आणि पात धरून पुढं सरकायचं. मागं कोणी राहिला तर चाल कमी करत. आमच्या मामांकडं मोटेची विहीर होती, मोटेवर म्हणायची गाणी वेगळी. इंजिन आलं तशी ती गेली. इंजिनाच्या आवाजात कोण गाणार?

आता खाचराच्या बांधावर मोबाइल ठेवून त्यावर गाणी लावतात. मी त्यांना नावं ठेवत नाही, कष्टाचं काम आहे, करमायला काहीतरी लागतंच. पण त्या गाण्याला वाकलेल्या बाईचा दम कुठं माहीत असतो? ते आपल्याच गतीनं वाजत राहतं.

दिंडीतला

+१. बांधावरून यांनी लिहिलेलं "बाकीच्या ओढून नेत" हे वारीत पावलोपावली दिसतं.

संतांच्या पालख्यांबरोबर लाखो माणसं चालत जातात, त्याचे आकडे आणि फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. चालताना गाणं कसं चालतं याकडे मात्र कमी जणांचं लक्ष जातं. दिंडीत टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये मृदंग, मागे वीणेकरी, तुळस आणि हंडा घेतलेल्या माउली. पुढच्या रांगांनी चरण म्हटला की मागच्या रांगा तो उचलतात, म्हणजे निम्म्यांना गाताना निम्म्यांना दम मिळतो. दिवसाचा क्रम भजनी मालिकेने लावून दिलेला. पहाटे काकडा आणि भूपाळ्या, पुढे वासुदेव, आंधळे, पांगुळ, गौळणी, आणि मग त्या त्या वाराचे अभंग. काय गायचं हे रोज ठरवावं लागत नाही. थकलेल्या माणसाला ही फार मोठी सोय आहे.

पुण्याचा मुक्काम संपवून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाटातून सासवडला जाते. त्या चढाला रथाला जादा बैलजोड्या लावतात. माणसांना मात्र टाळ आणि चालच. चढावर चाल संथ होते, चरण तुकड्यातुकड्याने घेतात, नुसतं "ज्ञानोबा तुकाराम" चालू राहतं. गुडघे धरलेल्या आजीबाई तो चढ कशा चढतात हे मी शेजारी चालून पाहिलंय. सगळ्यांची पावलं ज्या ठेक्यात पडतात त्यात तिचंही पाऊल पडतं.

आणि रानजाई म्हणतात ते ऐकणं. संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर समाजआरतीच्या आधी सगळ्या दिंड्या टाळ-मृदंगाच्या गजरात असतात. चोपदार हातातला दंड उंच करतात आणि एवढा अफाट समाज क्षणात गप्प होतो. एखादीच दिंडी टाळ वाजवत राहिली, तर तिची काही तक्रार आहे असं समजायचं. चोपदार तिच्यापाशी जाऊन विचारतात. त्या शांततेत उभं राहिलं की दिवसभराचं गाणं अंगात वाजत असतं.

खर्जातला_षड्ज

धागा आवडला. शास्त्रीय शिकतो, त्यामुळे गळ्याच्या बाजूने थोडं.

उघड्यावर गाताना सगळ्यांकडून होणारी गोष्ट म्हणजे ओरडणं. कारण साधं आहे. खोलीत भिंती, छत, फरशी आपला आवाज परत देतात. मैदानात तो परत येतच नाही. अंतर दुप्पट झालं की तो ६ डेसिबलने उतरतो. आपल्याला वाटतं आवाज पोचत नाहीये, आणि आपण जोर लावतो. त्यात वारा किंवा रहदारी असेल तर न कळत आवाज आणखी चढतो. एतियेन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने हे १९११ मध्ये दाखवून दिलं, त्याच्याच नावाने हा परिणाम ओळखला जातो. अर्ध्या तासात घसा बसतो आणि माणूस म्हणतो, मोकळ्यावर गाणं काही आपल्याला जमत नाही.

उपाय अवघड नाहीत. खांद्याला खांदा लागेल इतकं जवळ, गोलात बसा, तोंडं आत. पाठीशी कातळ, देवळाची भिंत, नदीचा घाट असेल तर फारच छान. आवाज थोडा परत मिळतो. बिस्मिल्ला खाँ साहेब बनारसला गंगाकाठच्या बालाजी मंदिरात रियाज करत, हे सर्वश्रुत आहे. वाऱ्याकडे तोंड करून गाऊ नका, घसा कोरडा पडतो. चढून आल्यावर लगेच सूर लावू नका, दम जागेवर येऊ द्या.

सकाळी उठल्या उठल्या गळा जड असतो. म्हणून पहाटे खर्ज भरतात: मंद्र सप्तकातले स्वर, अगदी हळू, दम पुरेल तेवढे. त्या वेळी वरच्या पट्टीतलं गाणं घेऊ नका. बायका-पुरुष एकत्र असले की पट्टीचा प्रश्न येतोच. साधारणपणे पुरुष काळी एक-दोनच्या आसपास आणि बायका काळी चार-पाचच्या आसपास सोयीने गातात. एकाच पट्टीत ओढाताण करण्यापेक्षा, दिंडीतला यांनी लिहिलंय तसं आळीपाळीने म्हणा. किंवा गुणगुणताना ज्याने त्याने आपला षड्ज-पंचम धरावा, ऐकायला गोड लागतं.

पहाटेचा आणखी एक फायदा. रात्री जमीन निवते, वरची हवा त्या मानाने ऊबदार राहते, त्यामुळे आवाज वर निसटून न जाता खाली वळतो आणि लांबवर ऐकू येतो. पलीकडच्या गावातला काकडा म्हणूनच पहाटे ऐकू येतो, दुपारी येत नाही.

रानजाई, एका मुद्द्यावर मतभेद: मोबाइलवर तानपुरा अगदी बारीक आवाजात, गोलाच्या मध्ये ठेवायला काय हरकत आहे? बेसूर म्हणवणाऱ्यांना आधार मिळतो.

रानजाई

षड्ज, गोलाबाहेर ऐकू जाणार नाही इतपत असेल तर चालेल, हे मी मान्य करते. तरी माझा कल 'नको'कडेच. तानपुरा लागला की नकळत बैठक मांडली जाते, ज्यांना येतं ते गातात आणि केतकीसारख्या गप्प होतात.

तांबट

मी पक्षी पाहतो. धाग्यातली भावना मला पटते, पण कळकळीने एक विनंती: कुठे गाता आणि कधी गाता, याचा आधी विचार करा.

पक्ष्यांसाठी गाणं हा व्यवहार आहे. हद्द सांगणं, जोडीदार बोलावणं, धोका कळवणं. त्यांचा मुख्य वेळ उजाडताना, म्हणजे नेमका आपला. आवाजाचा त्यांच्यावर काय परिणाम होतो याचे पुरावे आहेत. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात, गोंगाट असलेल्या भागातले ग्रेट टिट नावाचे छोटे पक्षी वरच्या पट्टीत गातात, असं २००३ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. २०२० च्या टाळेबंदीत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातली रहदारी थांबली, तेव्हा तिथल्या व्हाइट-क्राउन्ड चिमण्या हळू आवाजात गायला लागल्या आणि तरीही त्यांचं गाणं जास्त लांब पोचू लागलं. आपण गप्प बसलो की त्यांना ओरडावं लागत नाही.

त्यामुळे अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात गाणं नकोच. देवराईत, जंगलातल्या पाणवठ्यावर, गुहांच्या तोंडाशी (आत वटवाघळं असतात) आणि कड्यांखालीही नको. किल्ल्यांवर आग्या मोहोळं असतात, तिथे कल्लोळ करू नका, जिवावर बेतू शकतं. रोजची पायवाट असलेली टेकडी, गावाचा घाट, शेताचा बांध, बाग, इथे माणसांचा वावर पक्ष्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. स्पीकर तर कुठेच नको. सार्वजनिक जागी परवानगीशिवाय ध्वनिवर्धक लावणं २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतही बसत नाही. रात्री १० ते सकाळी ६ तर उघड्यावर बंदीच आहे.

सुरुवातीचं ते गप्प राहणं मात्र थोडं वाढवा. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या ओढ्याकाठी पहाटे शीळकरी कस्तूर ऐका. इतकी निवांत, भटकी शीळ असते की कोणीतरी पोरगा रिकाम्या वाटेने चाललाय असं वाटतं. त्याचं झाल्यावर तुम्ही सुरू करा.

रानजाई

तांबट, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आमची जागा वर्दळीच्या पायवाटेलगतचीच आहे आणि आम्ही उजाडून ऊन आल्यावर गातो. कड्यांचं आणि गुहांचं माझ्या डोक्यात आलं नसतं. धाग्याच्या मजकुरात भर घालते.

तुकोबा भंडारा आणि भामचंद्र डोंगरांवर जाऊन बसत. तिथल्या सोयऱ्या-धायऱ्यांत त्यांनी वनचरंही धरली होती आणि सुस्वरे आळवणारे पक्षीही. आधी गाणारे तेच, आपण नंतर आलो.

स्टेथो

डॉक्टर म्हणून दोन बाजूंनी लिहितो.

आधी चांगली बाजू. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला ब्यॉर्न विकहॉफ यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की एकत्र गाताना, विशेषतः सावकाश आणि ठरावीक ठिकाणी श्वास घ्यावा लागणारी रचना गाताना, गाणाऱ्यांच्या हृदयगतीचे चढउतार एकमेकांशी जुळतात. ब्रिटनमध्ये डेझी फँकोर्ट आणि रोझी पर्किन्स यांनी बाळंतपणानंतरच्या नैराश्याची लक्षणं असलेल्या १३४ मातांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. दहा आठवडे बाळांना घेऊन गाणाऱ्या गटात, मध्यम ते तीव्र लक्षणं असलेल्या माता नेहमीचीच देखभाल मिळालेल्या मातांपेक्षा लवकर सावरल्या. कोविडनंतर दम लागणाऱ्यांसाठी इंग्लिश नॅशनल ऑपेराने लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या रुग्णालयांबरोबर २०२० मध्ये श्वासाचा कार्यक्रम सुरू केला, त्यात अंगाईगीतं वापरली. अंगाई का, तर ती संथ असते, सोपी असते आणि म्हणणाऱ्यालाही शांत करते. आपल्या आज्यांना हे सांगायची गरज पडली नसती.

हे सगळे अभ्यास बंद जागेतले. निसर्गावरचं काम वेगळं आहे. इंग्लंडमधल्या जवळपास २० हजार लोकांची माहिती तपासून २०१९ मध्ये असं मांडलं गेलं की आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आरोग्य चांगलं आणि समाधान जास्त असल्याचं सांगणारे जास्त होते. एकदम की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडला नाही. यातून निसर्गामुळेच तब्येत सुधारली असं सिद्ध होत नाही, कारण ज्यांची तब्येत बरी तेच बाहेर पडतात असंही असू शकतं. तरी आठवड्याला दोन तास हे कोणालाही झेपेल असं माप आहे.

मोकळ्या हवेचा एक निखळ फायदा आहे. मार्च २०२० मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट परगण्यात एका गायकवृंदाची तालीम झाली. ६१ जण आले होते, त्यांतले ५३ आजारी पडले, दोघे दगावले. बंद खोलीत गाताना तोंडातून उडणारे सूक्ष्म कण हवेत साठत जातात, उघड्यावर ते विरतात. सर्दी-खोकल्याच्या दिवसांतही हे लागू आहे.

आता दुसरी बाजू. षड्ज यांनी लिहिलेली पहाटेची निवलेली हवा आवाजाबरोबर धूरही खालीच दाबून ठेवते. हिवाळ्यात शहरातल्या सखल भागात सकाळी सहा-सातला जी हवा असते तीत खोल श्वास घेणं दमेकऱ्यांना बाधेल. दमा किंवा सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट, दम लागणारा आजार) असेल तर ऊन चढल्यावर जा, इनहेलर खिशात ठेवा. सलग लांब स्वर लावून चक्कर येत असेल तर बसून गा. आणि औषधं गाण्याच्या भरवशावर बंद करू नका. रक्तदाबाचीही नाहीत, नैराश्याचीही नाहीत. गाणं औषधाच्या सोबतीने.

मांडावरची

गोव्याहून देव बरें करूं. आमच्याकडे पौषात धालो असतात. गावच्या मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या मोकळ्या अंगणात, तो शेणाने सारवून घ्यायचा, आणि रात्री जेवणं उरकून बायका जमतात. समोरासमोर दोन ओळी, एकमेकींच्या कमरेला हात. एक ओळ गात पुढे झुकत येते आणि मागे जाते, मग दुसरी उत्तर देते. कुठे पाच रात्री, कुठे सात, कुठे नऊ. गाण्यांत देव येतात, धरित्री येते, वनदेवता येते, आणि मध्येच सासरचं, माहेरचं, सगळंच येतं.

माझी मावशी वर्षभर कोणापाशी फारसं बोलत नाही. मांडावर ती ओळीच्या टोकाला उभी राहून गाणं उचलते. थंडीची रात्र, वर माडांच्या झावळ्या, दोन्ही बाजूंच्या बाईची ऊब अंगाला लागलेली. दिवसा जे कोणाला सांगता येत नाही ते तिथे गाण्याच्या आडून निघून जातं. मला वाटतं मोकळ्या जागेइतकीच ती कमरेभोवतीची पकड महत्त्वाची आहे. एकटीने टेकडीवर गाणं वेगळं, आणि हे वेगळं.

उत्तरवारा

स्वीडनमधून. इथे उन्हाळ्यात गुरं डोंगरातल्या कुरणांवर नेत, आणि ती राखायला बायका-मुलीच असत. लांब गेलेल्या गुरांना बोलवायला त्या उंच, धारदार सुरात हाका घालत, त्याला कुलनिंग म्हणतात. दऱ्यांपलीकडे कित्येक किलोमीटर ऐकू जाते. आता कुरणं थोडीच उरली, पण कुलनिंग शिकवणारे वर्ग आहेत आणि शहरातल्या बायका जंगलात जाऊन शिकतात.

३० एप्रिलला वसंताचं स्वागत म्हणून शेकोट्या पेटवतात आणि गायकवृंद उघड्यावर गातात. लुंड आणि उप्सालासारख्या विद्यापीठांच्या गावांत ही परंपरा फार जपलेली आहे. स्टॉकहोमच्या स्कान्सेन या उघड्यावरच्या संग्रहालयात १९३५ पासून लोक उन्हाळ्यात एकत्र गायला जमतात. सहा महिने अंधार सोसलेल्या लोकांना बाहेर येऊन गाण्याची किती भूक असते, ते इथे राहिल्यावर कळलं. आम्ही मराठी बायका बागेत भोंडला करतो तेव्हा अंगात जाड कोट असतात. शेजारच्या स्वीडिश आजी येऊन फेरात हात धरतात, शब्द काही कळत नाहीत, तरी धरतात.

निःशब्द_

बरेच दिवस वाचतेय, लिहावं की नाही कळत नव्हतं. बाबा गेल्यापासून मला गाता येत नाही. आधी रोज गुणगुणायची. आता तोंड उघडलं की रडू येतं. तुम्हा सगळ्यांचं वाचून जावंसं वाटतं, पण चार लोकांत रडले तर?

जात्यापाशी

बाळा, रडलीस तर रडलीस. तुझ्या आधी कितीकजणी जात्यावर रडून गेल्या. बायका पहाटे उठून दळत, आणि बापाची, भावाची, माहेराची ओवी म्हणत. अंधारात कोणी तोंड बघत नसे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या आता नेटवर ऐकायलाही मिळतात. त्यांत मेलेल्या आईबापांवरच्या कितीतरी आहेत. दुःख असताना गाऊ नये असं आपल्यात नव्हतंच.

गाणं राहू दे आत्ता. झाडाखाली बस, तोंड मिटून नुसता 'हुं' लाव. कापला आवाज तर कापू दे. बाबांना आवडायचं ते मुळीच घेऊ नकोस पहिल्यांदा. ते पुढे कधीतरी, तुला वाटेल तेव्हा. मी सत्तरी ओलांडलेली आहे, माझे यजमान गेले तेव्हा शेजारणीने मला परसात तुळशीपाशी बसवून असंच करायला लावलं होतं. शब्द यायला बराच काळ गेला.

स्टेथो

निःशब्द, जात्यापाशी आजींनी लिहिलंय त्यात मी भर घालण्यासारखं काही नाही. फक्त एवढंच: झोप उडाली असेल, भूक गेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर १४४१६ वर फोन करा. टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं.

निःशब्द_

आजी, डॉक्टर, खूप धन्यवाद. इमारतीमागे एक मोठं कडुनिंबाचं झाड आहे. तिथून सुरुवात करते.

वऱ्हाडी_ऊन

आमच्या विदर्भात मार्चनंतर उघड्यावर काय गाणार, हा प्रश्न आहे. आठ वाजताच डोकं तापतं. आम्ही संध्याकाळी दिवे लागल्यावर तलावाच्या काठी बसतो. पाच-सहा जण, त्यांतले तीन निवृत्त. लोक थांबून बघतात, सुरुवातीला संकोच वाटायचा. कोणी विचारलं तर "बसा, म्हणा" म्हणतो. बहुतेक जण निघून जातात, एखादा बसतो.

लहान मुलांसाठी कोणी काही करतं का? माझा नातू मोबाइलवरून उठत नाही.

बांधावरून

काका, त्याला गाणं म्हणायला लावू नका. पावश्या ओरडला की त्याच्या हाकेला हाक द्यायला लावा. आमची पोरं "पेरते व्हा, पेरते व्हा" करत रानभर फिरायची.

तांबट

तोंडाने हाक दिली तर चालेल, पण मोबाइलवरून पक्ष्याचा आवाज वाजवू नका. विणीच्या दिवसांत दुसरा नर हद्दीत आला असं समजून तो बिचारा अंडी-पिल्लं सोडून भांडायला येतो. कोकिळेला मात्र तोंडाने प्रत्युत्तर दिलं की नर चिडून वरच्या वरच्या पट्टीत जातो, मुलांना त्याची फार गंमत वाटते. दोन-तीनदा करून थांबा.

केतकी_नाशिक

आज गोदाकाठी सकाळी एकटीच गेले होते. पलीकडे कोणी कपडे धूत होतं. 'हुं' लावला, मग आईची एक ओवी म्हटली, अगदी पूर्ण. कोणी वळून पाहिलं नाही.

रानजाई, पुण्यात दिवाळीनंतर येणार आहे. तुमची जागा आणि वार व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) कळवाल का?

रानजाई

केतकी, व्यनि केलाय. पाण्याची बाटली आण, बसायला काहीतरी आण, आणि आईची ती ओवी आम्हाला शिकव.